आधी रक्ताची ओळख, मग वाऱ्यावर स्वारी

आपल्या तळोद्याहून समुद्र दिसत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये कापूस, ऊस आणि केळीची शेते. तापीमाई इथून पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते, एवढाच काय तो आपला आणि समुद्राचा संबंध. त्यामुळे समुद्रावरच्या शर्यतीला परदेशी जाताना प्रकृतीची काळजी कशी घ्यावी, हा आजच्या सदराचा विषय पाहून काही वाचक हसतील. पण वाचकहो, ज्या शर्यतीविषयी सांगणार आहे तिच्यात आपल्याच तालुक्यातील एक मुलगा उतरला होता. त्याच्या निमित्ताने जो प्रश्न पुढे आला, तो आपल्या जिल्ह्यातील हजारो घरांचा आहे.

प्रथम खेळाची ओळख करून देतो. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. एक लांबट फळी, तिच्यावर कोणत्याही बाजूला कलणारी डोलकाठी आणि डोलकाठीला शीड. खेळाडू फळीवर उभा राहतो, शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरतो आणि वारा शिडात भरून पाण्यावरून धावतो. सुकाणू नाही, वल्हे नाही. शीड पुढेमागे कलवून आणि पायाने फळी दाबून दिशा बदलायची. हा खेळ अमेरिकेत १९६० च्या दशकात जन्मला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी तो १९८४ साली लॉस एंजेलिसला आला आणि महिलांसाठी १९९२ साली बार्सिलोनाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून फळीखाली पाण्यात पंखासारखे पाते असलेला नवा प्रकार आला आहे. त्यात वेग घेतला की फळी पाण्याच्या वर उचलली जाते.

आपल्याकडेही हा खेळ आता अनोळखी राहिलेला नाही. गोव्याची डेन आणि कात्या कोएल्हो ही भावंडे विंडसर्फिंगसाठी भारताकडून परदेशातील स्पर्धांत उतरलेली आहेत. कोरोनामुळे एक वर्ष लांबलेली हांगझोऊची आशियाई क्रीडास्पर्धा २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली. तिच्यात इबाद अली याने विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत छोट्या शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याची, शेतकऱ्याच्या घरची मुलगी. देवासलाही समुद्र नाही. ती भोपाळच्या तलावावर शिकली. तेव्हा ‘आपल्या मुलांचे ते काम नाही’ असे म्हणण्याचे कारण उरलेले नाही.

सहीपुरते आलेले काम

आता त्या मुलाविषयी. त्याचे नाव व गाव सांगत नाही. घर पाड्यावर, शिक्षण आश्रमशाळेत, पोहणे तापीच्या डोहात शिकलेला. बारावीनंतर ओळखीच्या माणसाबरोबर गोव्याला गेला आणि किनाऱ्यावर पाण्यातील खेळ शिकवणाऱ्या एका ठिकाणी कामाला लागला. आधी फळ्या धुणे, शिडे वाळवणे. मग संध्याकाळी गिऱ्हाईक गेले की स्वतः फळीवर चढणे. चार वर्षांत तो इतका तयार झाला, की मालकानेच त्याला फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत उतरायला सांगितले. निम्मा खर्च मालकाने उचलला. उरलेल्या खर्चासाठी वडिलांनी पुढच्या हंगामाच्या ऊसतोडीची उचल मुकादमाकडून आधीच घेतली. उचल म्हणजे काय, हे तळोद्याच्या वाचकाला समजावून सांगायला नको. ती घामाने फेडावी लागते.

ही शर्यत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ग्रुसाँ या गावी मे महिन्याच्या सुमारास होते. हजाराहून अधिक विंडसर्फर तिथे एकाच वेळी सुटतात. एका फेरीचे अंतर सुमारे ४० किलोमीटर. तिथे त्रामोंतान नावाचा थंड, कोरडा वारा डोंगरांच्या खिंडीतून समुद्राकडे झेपावतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो, तेव्हा तिथल्या समुद्राचे पाणी १५ ते १७ अंशांच्या आसपास असते.

तो आला तो वैद्यकीय प्रमाणपत्राचा कागद घेऊन. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, एवढी सही करून द्या. मला काहीच होत नाही.”

मी म्हटले, “सही करायची की नाही ते नंतर बघू. आधी बस. शाळेत असताना रक्त तपासले होते का?”

त्याने पाकिटातून घडी पडलेले कार्ड काढले. सिकलसेल तपासणीचे कार्ड होते ते. त्यावर लिहिले होते, ‘एएस’. म्हणजे वाहक.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, पण…

नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द नवा नाही. तरी ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतला फरक अजून पुष्कळांना नीट ठाऊक नसतो. आपल्या रक्तातील लाल पेशी गोल, मऊ आणि लवचिक असतात, म्हणून त्या केसाहून बारीक नळ्यांतूनही सरकतात. सिकलसेलमध्ये पेशीतील हिमोग्लोबिन सदोष असते. प्राणवायू कमी पडला की ते आत गोठल्यासारखे होते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर बनते. अशा पेशी नळीत अडकल्या की पुढचा रक्तपुरवठा तुंबतो आणि असह्य वेदना होतात.

आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले, तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आले, तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाच्या रक्तात निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन चांगले असते. तो शाळेत जातो, शेतात राबतो, म्हातारा होतो आणि बहुधा त्याला कसलाच त्रास होत नाही. वाहकाला आजारी समजणे, सोयरीक मोडणे किंवा नोकरीत डावलणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी दोघांचीही तपासणी करावी, असे आम्ही सांगतो.

मग शर्यतीचा प्रश्न का आला? शरीराला टोकाचे कष्ट पडतात, पाणी कमी पडते, ऊन किंवा उंची असते, तेव्हा क्वचित वाहकाच्या पेशीही वाकड्या होऊ लागतात. स्नायूंना रक्त पुरत नाही, ते आतून फुटू लागतात, त्यांतले द्रव्य मूत्रपिंडात जाऊन अडते. अमेरिकी लष्कराच्या फोर्ट ब्लिस येथील छावणीत कसरतीच्या वेळी चार वाहक जवान दगावल्याची नोंद १९७० साली वैद्यकीय नियतकालिकात आली, तेव्हा जगाचे याकडे लक्ष गेले. पुढे २०१६ साली अमेरिकेतीलच सुमारे ४८ हजार सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिलासाही होता आणि इशाराही. वाहक असल्यामुळे मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. मात्र कष्टामुळे स्नायू फुटण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे दीडपट आढळला. त्या लष्करात तोपर्यंत पाणी, विश्रांती आणि उन्हाविषयीचे नियम सर्वांसाठी पाळले जात होते, हेही ध्यानात ठेवावे.

याचा अर्थ सरळ आहे. वाहकाने खेळ सोडायचा नाही. खेळण्याची रीत शिकायची.

सही कशी केली

त्याला मी आठ दिवस थांबवले. जिल्ह्याच्या ठिकाणी रक्ताची पक्की तपासणी करून घेतली, कारण शाळेतील पहिली चाचणी पुष्कळदा फक्त ‘दोष आहे की नाही’ एवढेच सांगते. वाहक की रुग्ण ते दुसऱ्या तपासणीत कळते. हिमोग्लोबिन, लघवी, रक्तदाब, हृदयाचा आलेख हे सर्व पाहिले. वाहकच निघाला, बाकी प्रकृती उत्तम. तो एसएस असता, तर मी सही केली नसती. थंड पाण्यात भिजणे आणि टोकाचे कष्ट या दोन्ही गोष्टी रुग्णाला वेदनेच्या झटक्यात ढकलू शकतात.

सही केली, पण सोबत पाच गोष्टी एका कागदावर लिहून दिल्या आणि त्याच्याकडून तोंडी म्हणून घेतल्या.

एक, सराव हळूहळू वाढवायचा. पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये दम पूर्ण बसेपर्यंत थांबायचे.

दोन, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायचे. वाहकाचे मूत्रपिंड लघवी दाट करण्यात थोडे कमी पडते. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी लवकर घटते. समुद्रात चारही बाजूंना पाणी असते म्हणून माणसाला आपण कोरडे पडतोय याचे भान राहत नाही.

तीन, ताप, जुलाब, उलटी किंवा रात्रीचे जागरण झाले असेल, तर त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही.

चार, मांड्या, पोटऱ्या किंवा पाठ अचानक दुखू लागली, पायातले बळ गेले, तर तिथेच थांबायचे. साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि गोळा हाताला लागतो. या प्रकारात स्नायू हाताला मऊच लागतो, पण दुखतो आणि साथ देत नाही. हा फरक ध्यानात ठेवायचा. ‘रेटून नेऊ’ म्हणणे इथे जिवावर बेतते.

पाच, संयोजकांना आणि सोबत्याला आपण वाहक आहोत हे आधी सांगायचे. लपवायचे नाही.

पाचव्या गोष्टीवर तो अडला. “साहेब, सांगितलं तर काढून टाकतील.” मी म्हटले, “अरे, तू पाण्यात कोसळलास आणि कुणाला कारणच माहीत नसले, तर तुला वाचवणार कोण?” तो गप्प बसला. शेवटी त्याने सांगितले, आणि त्याला कोणी काढले नाही.

प्रवासाची तयारी

प्रवासाविषयीच्या पुढील सूचना शर्यतीला जाणाऱ्यांप्रमाणेच मुलाकडे अमेरिकेला, कामासाठी आखातात किंवा हजला जाणाऱ्या वाचकांनाही उपयोगी पडतील.

फ्रान्ससह युरोपातील ज्या देशांना एकच व्हिसा चालतो, त्यांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मात्र साध्या प्रवास-विम्यात धाडसी खेळ वगळलेले असू शकतात. म्हणून विमापत्रातील बारीक अक्षरे वाचून घ्यावीत. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. किनाऱ्यावर शिंपले आणि दगडांनी पाय कापतात.

विमानातील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो. वाहकाला बहुधा त्याचा त्रास होत नाही. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानात बसू नये. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका सर्वांनाच थोडा वाढतो. दर तासा-दीड तासाने उठून चालावे, बसल्या जागी पायाचे पंजे वरखाली करावेत, पाणी प्यावे, दारू टाळावी.

उन्हाळ्यात फ्रान्सचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. शरीराला साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो. म्हणून शर्यतीच्या किमान चार-पाच दिवस आधी पोहोचावे. आदल्या दिवशी उतरून दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरणे शहाणपणाचे नाही.

औषधांबाबत विशेष सावध राहावे. आपल्याकडे सर्दी झाली की दुकानातून गोळी, सांधा दुखला की ‘एक सुई मारून द्या’ अशी सवय असते. उत्तेजक द्रव्यांची तपासणी असलेल्या स्पर्धेत हीच सवय खेळाडूला बाद करू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्युडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे लघवीत सापडले तर दोष लागतो. स्टेरॉइडच्या गोळ्या स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहेत, आणि २०२२ पासून स्टेरॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शनेही. लघवी वाढवणारी औषधे तर कायमच निषिद्ध. दम्याचा साल्ब्युटामॉल फवारा मर्यादेत चालतो. खरोखर गरज असेल, तर आधी रीतसर परवानगी मागता येते.

स्वतःची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातील पिशवीत ठेवावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडचे कंपनीचे नाव तिकडे कुणाला कळत नाही. आखाती देशांत ट्रॅमाडॉल, कोडीन अशा वेदनाशामकांवर कडक निर्बंध आहेत, हे तिकडे जाणाऱ्यांनी विसरू नये.

पाणी, वारा आणि ऊन

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातील ऊब ओढून नेते. म्हणून १६ अंशांची हवा सुखद वाटते आणि १६ अंशांचे पाणी हुडहुडी भरवते. थंड पाण्यात पडल्याबरोबर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात ओढला जातो. तेव्हा घाबरून हातपाय मारू नयेत. फळीला धरून श्वास ताब्यात येऊ द्यावा. त्यानंतर हळूहळू बोटांतले बळ जाते. यासाठी खेळाडू रबरासारख्या जाड कापडाचा अंगाला चिकटणारा पोशाख घालतात. त्यात अडकलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने गरम होतो. त्यावर तरंगते जाकीट हवे, आणि पात्याच्या फळीवर शिरस्त्राणही.

आणखी एक नियम कायम लक्षात ठेवावा. काहीही झाले तरी फळी सोडायची नाही. चांगला पोहणारा माणूसही वाऱ्यापुढे किनारा गाठू शकत नाही. फळी तरंगते, आणि शोधणाऱ्याला ती लांबून दिसते.

उन्हाबद्दल आपल्याकडे गैरसमज आहे की सावळ्या कातडीला ऊन लागत नाही. उशिरा लागते, पण लागते. पाण्यावरून उसळलेले किरण खालूनही येतात. नाक, कान, ओठ आणि मानेला झिंकचे मलम लावावे. वर्षानुवर्षे ऊन-वारा झेलणाऱ्यांच्या डोळ्यांत बुबुळाकडे सरकणारी मांसाची वाढ होते. ती आपल्या शेतकऱ्यांतही दिसते. काळा चष्मा ही चैन नाही, डोळ्याचे रक्षण आहे.

शर्यतीत काय झाले

पहिल्या दिवशी त्याने पूर्ण फेरी मारली. दुसऱ्या दिवशी वारा जास्त होता. अर्ध्या वाटेत दोन्ही मांड्या दुखू लागल्या. त्याने हाताने चाचपून पाहिले. गोळा लागत नव्हता, मांडी मऊच होती, पण उभे राहवत नव्हते. त्याने शीड पाण्यात टाकले, फळीवर बसला आणि दोन्ही हात डोक्यावर हलवू लागला. बचावाची होडी आली. तिथल्या डॉक्टरांना वाहक असल्याचे आधीच ठाऊक होते. प्राणवायू, शिरेतून पाणी, रक्ताची व लघवीची तपासणी हे सारे विनाविलंब झाले. दोन दिवसांत तो बरा होऊन चालू लागला. शर्यत मात्र अर्धवट राहिली.

गावी परतल्यावर काही लोक म्हणाले, “एवढी उचल घेऊन गेला आणि मधूनच परत आला.” हे ऐकून त्याचे वडील माझ्याकडे आले. ते फारसे बोलणारे गृहस्थ नाहीत. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, उचल मी फेडीन. पोरगा फिटला नसता.”

वाचकहो, या वाक्यापुढे माझ्यासारख्याने काय बोलावे? पण या सदराचे काम सांगणे आहे, म्हणून सांगतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली आणि तपासण्यांना जोर आला. पुष्कळ घरांत आता कार्ड आहे. पण ते पेटीच्या तळाशी असते, आणि त्यावर काय लिहिले आहे हे घरातल्यांना माहीत नसते. आपली मुले पोलीस भरतीत धावतात, सैन्याच्या मैदानात उतरतात, मे महिन्याच्या उन्हात कबड्डी खेळतात, गुजरातेत ऊस तोडतात. त्यांच्यासाठी समुद्र दूर असला, तरी धोका तोच आहे. दोन महिने काही न करता भरतीच्या आदल्या आठवड्यात जीव तोडून धावणे हा आपल्याकडचा ठरलेला प्रकार. वाहकासाठी तोच सर्वांत वाईट.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. घरातली कार्डे बाहेर काढा. ज्यांची तपासणी झाली नसेल, त्यांना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. ‘एएस’ असेल तर घाबरू नका आणि लपवूही नका. मुलाला खेळू द्या, पण त्याच्या प्रशिक्षकाला ते सांगा. मैदानावर पाण्याची कळशी ठेवा. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की घरचे जीवनजल तयार होते. धावणाऱ्या मुलाने ‘पाय चालत नाही’ म्हटले, तर त्याला आळशी म्हणू नका. सावलीत बसवा, पाणी द्या. दहा-पंधरा मिनिटांत उतार पडला नाही किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर वेळ न दवडता दवाखान्यात आणा.

तो मुलगा पुन्हा गोव्याला गेला आहे. सराव चालू आहे, हळूहळू, सांगितल्याप्रमाणे. पुन्हा शर्यतीला जायचे म्हणतो. जाण्याआधी नव्याने तपासणीला ये, असे मी त्याला बजावले आहे. सही तेव्हाही तपासल्यावरच होईल.